सुबाभळीवर चढवलेला वाल

१२ जून १९८२

लग्नाला महिना झाला आणि आज कळलं की आपल्याला कसल्या शूर घराण्यात दिलंय.

सकाळी पंचायतीची माणसं बैलगाडीत रोपं घालून आली आणि आमच्या गायरानातल्या अडीच एकरात खड्डे खांदून सुबाभळी लावून गेली. आमच्या म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यानं आणि सासूनं तिथले दगड वेचून काढले, तेव्हापासून आम्हीच पेरतो. कागद नाही. सासराही आता नाही. सरकार म्हणतंय, जुनी वहिती असली तर नावावर करून देऊ, महसूल खात्याचा गिरदावर येऊन बघून जाईल. हे सरपंच शेषेरावला आमच्या आधी कळलं. गिरदावर यायच्या आत तिथं झाडं उभी राहिली की जमीन वहितीची नाही, झाडांची. एवढं सोपं गणित आहे, चौथीतलं पोरगंही सोडवेल.

आणि आमचे लोक काय करत होते? सासू नागुबाई बांधावर बसून बघत होती. नवरा मारोती, खड्ड्यातला दगड निघेना म्हणून त्यांना पहार आणून देत होता. पहार! चोर घरात शिरायला आला आणि ह्यानं त्याला शिडी धरली.

(इथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वहीत कोण ऐकतंय? मारोती, मारोती, मारोती.)

१५ जून

मी सासूला म्हणलं, "आत्याबाई, पहाटे जाऊ आणि सगळी उपटून टाकू. तासाभराचं काम आहे."

चुलीत फुंकर घालता घालता त्या म्हणाल्या, "सरकारी झाड उपटलं की पोलिस येतो. पोलिसाच्या मागून गाव येतं."

"येऊ द्या की!"

"अठ्ठ्याहत्तरला तू शाळेत होतीस न्हवं?" एवढंच बोलल्या आणि भाकर उलटली.

आता अठ्ठ्याहत्तरचा आणि झाडांचा काय संबंध? नामांतराच्या वेळी इथली आमची घरं पेटवली होती, माहीत आहे मला. मारोतीनं सांगितलंय. पण म्हणून जन्मभर मान खाली घालून चालायचं? माझ्या बापानं नांदेडात कुणाचं ऐकून घेतलं नाही. मी मॅट्रिक आहे. ह्या घरात मला कशाला आणलं असेल, शेण काढायला?

सासूची अक्कल अशी: झाडाला हात लावायचा नाही, दोन ओळींच्या मधे पेरायचं. पीक दिसलं की वहिती दिसते. मारोतीनं मान डोलावली. त्याची मान त्यासाठीच बसवलेली आहे.

२ जुलै

एकदा शिंतोडे पडून गेले, तेवढ्यावर पेरणी. आमच्या गल्लीतल्या कमलम्मानं बी दिलं. ही देगलूरकडची, अर्धं तेलगू बोलते आणि अर्धं कुणालाच कळत नाही. मक्का आणि वाल. म्हणे, "मक्का काठी, वाल दोरी. दोगं संगं लाव." इथं मक्का कोण लावतं? जोंधळा, तूर, मूग ह्यापलीकडं ह्या शिवाराची उडी नाही. पण फुकटचं बी म्हणल्यावर सासूला काहीही चालतं.

सुबाभळीच्या दोन ओळींत दहा-दहा हात जागा. तिथं आम्ही तिघांनी मक्का टोकला, त्याच्या बुडाशी वाल टोकायचं ठरलं. लांबून बघितलं तर शाळेतल्या पोरानं रेघा मारून खोडून ठेवल्यात असं रान दिसतं. बांधापलीकडून संगप्पा बघून हसत होता. हा लिंगायत म्हातारा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आमची सावली येताना दिसली की धोतर आवरतो. त्याला तरी काय हसायचं कारण? त्याच्या रानात तर दोन बैल आणि एक विहीर, बाकी कुसळं.

५ जुलै

मला सुचलं! ह्या घरात डोकं फक्त माझंच चालतं, हे आज सिद्ध झालं.

सुबाभूळ उपटली तर गुन्हा. पण वालाच्या वेलानं तिचा गळा आवळला तर? खटला कुणावर भरणार, वेलावर? उरलेला सगळा वाल मी मक्याच्या बुडाशी न टोकता झाडांच्या बुडाशी टोकला. एकेका रोपाला चार-चार दाणे. बोटभर रोपं ती, दिवाळीपर्यंत पार वाकून मरतील.

मारोतीला सांगितलं. तो म्हणाला, "झाडं मेली तर नाव आपल्यावरच येईल गं."

मी म्हणलं, "तुम्ही पहार देत बसा."

१५ ऑगस्ट

आज लातूर जिल्हा झाला. काल रात्रीपर्यंत आपण उस्मानाबादचे होतो, सकाळी उठलो तर लातूरचे. अर्धं गाव ट्रकमध्ये उभं राहून सोहळा बघायला गेलं. शेषेराव फेटा बांधून पुढं. संध्याकाळी धूळ खाऊन परत आले आणि सांगत होते, आता कचेऱ्या जवळ, रस्ते होणार, पाणी येणार. पाणी येणार म्हणे! ढगांना जिल्हा बदलल्याचं कुणी कळवलं का? श्रावण निघून चालला आणि बादलीभर पाऊस नाही.

मारोतीनं येताना माझ्यासाठी रिबीन आणली. लाल. मी काय शाळेत जाते?

बांधून बघितली. बरी आहे.

३ सप्टेंबर

मक्का गुडघ्यापर्यंत येऊन थबकलाय. पानं दुपारी सुरळी होतात. वाल मात्र हट्टी. त्याला जगवायला पाहिजे, नाहीतर माझा बेत पाण्यात, म्हणजे पाण्यावाचून. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मी डोक्यावरून पाणी वाहून वालाच्या बुडात घालते. जवळ म्हणजे संगप्पाच्या विहिरीचं. विहिरीवर आम्ही चढायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. म्हातारा स्वतः शेंदून बांधाजवळच्या दगडी डोणीत ओततो. म्हणे जनावरांसाठी. जनावरं त्याची दोन आणि डोणी कधी बघावी तर काठोकाठ. एवढा विटाळाचा धाक की बाईनं पोहरा धरू नये म्हणून सत्तरीचा माणूस दोर ओढतोय! ओढ म्हणावं. मला काय, पाण्याशी मतलब.

आत्याबाई डोणीजवळ गेल्या की म्हातारा पाठ फिरवून उभा राहतो. त्याही पदर ओढून घेतात. एकमेकांशी एक शब्द नाही. त्यांच्या जागी मी असते तर त्याच पाण्यात त्याचं भस्म धुतलं असतं.

१९ सप्टेंबर

शेळ्या. गावातल्या सगळ्या शेळ्यांना आमचाच वाल दिसतो. बाकीच्या गायरानात पंचायतीनं लावलेल्या सुबाभळी त्यांनी बुडापासून फस्त केल्या, उरल्या त्या उन्हानं वाळल्या. आता आमच्याकडं मोर्चा. मी दिवसभर काठी घेऊन उभी. माझ्या वालाला तोंड लावाल तर याद राखा! शेषेरावच्या दोन शेळ्यांना अशी बडवली की त्याची बायको घरी भांडायला आली. मी म्हणलं, "तुमच्या मालकानं झाडं लावली, तुमच्या शेळ्या ती खातात. तुम्ही घरीच ठरवा काय ते." गेली तणतणत.

८ ऑक्टोबर

एक गंमत कळेना. संध्याकाळी मी वेलाचे शेंडे सुबाभळीभोवती चांगले तीन-तीन वेढे देऊन आवळून येते. सकाळी बघावं तर सैल. अर्धे वेल सुटून मक्याच्या ताटावर गेलेले. वाऱ्याचं काम असावं. इकडच्या वाऱ्यालाही आमच्या घरच्यांसारखीच सवय, कुणाचं वाईट म्हणून करायचं नाही.

मारोतीच्या बोटांना हिरवे डाग. विचारलं तर म्हणतो गवत काढलं. पहाटे उठून गवत काढतो म्हणे. ह्या वर्षी गवत आहे कुठं? जाऊ दे. रोजगार हमीची खडी फोडून येतो, त्याला कुठलं काय आठवतंय.

२६ ऑक्टोबर

मक्का काढला. कणसं अशी, मधे चार दाणे, मग मोकळी जागा, मग दोन. दात पडलेल्या म्हाताऱ्या सगळ्या ओळीत बसल्यासारख्या. तरी सहा पायल्या झाल्या. शिवारात कुणाच्याच घरी एवढंही आलं नाही. कमलम्मा भाजून खात बसली आणि मला म्हणते, "बगितलं? काठी, दोरी!" जशी हिनंच पाऊस पाडला.

ताटं तशीच ठेवली, वालाला आधार. वालाला आता जांभळं फूल आलंय. आणि त्या मेल्या सुबाभळी माझ्या छातीला लागल्यात! पाणी प्याल्या, सावलीत वाढल्या, शेळ्यांपासून वाचल्या. सगळं माझ्या हातून. अख्ख्या गायरानात फक्त आमचा अडीच एकर हिरवा. मी त्यांना मारायला निघाले होते की बारसं करायला?

आत्याबाई मधे उभ्या राहून हसत होत्या. दात फार कमी राहिलेत त्यांचे. मला राग आला.

९ जानेवारी १९८३

गिरदावर येणार! पंधरवड्याच्या आत, पंचांसमोर पाहणी. हे एकदा झालं की झालं. जमीन नावावर लागली तर लागली, नाहीतर शेषेरावनं तारेचं कुंपण ओढलंच समजा.

आणि घरात कशाची तयारी चालू? येळवसची. येळवस म्हणजे इथली मोठी अमावास्या. ज्याचं रान तो रानात कडब्याची खोप करतो, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतो, मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. आत्याबाई आंबिलीला ताक कुठून मिळेल ते विचारत फिरत होत्या.

मला भडका आला. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात की नाही तुम्ही? छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि अजून पांडव?"

"पांडव कोण म्हणतंय? दगड न्हाई, चुना न्हाई. मी निस्तं जेवण करती रानात."

"आज जेवण, उद्या दगड. माझ्या माहेरी कळलं तर काय म्हणतील?"

मारोती म्हणाला, "आईला करू दे. दर सालचं हाय."

"दर सालचं होतं. आता मी आलेय."

आत्याबाईंनी ताकासाठी काढलेलं गाडगं पालथं घातलं. मग म्हणाल्या, "बरं. तुजंच खरं." एवढ्यावर सोडलं. कणा म्हणून नाहीच ह्या बाईला.

१४ जानेवारी

येळवस झाली. शिवारभर धूर, गाड्या, पोरं, गोंगाट. आमच्या रानात चूल नाही. मी भाकरी-चटणी बांधून नेली आणि ताठ मानेनं खाल्ली.

आत्याबाईंनी खाल्लं नाही. दुपारभर लिंबाखाली बांधाकडं तोंड करून बसल्या. सगळे जेवायला बसले त्या वेळी संगप्पा बांधावर आला, एकटाच, हातात काही नाही. आमच्याकडं बघत उभा राहिला. मी मोठ्यांदा म्हणलं, "काय आप्पा, बघायला आलाव का आम्ही काय खाऊन राहिलोय?" म्हातारा माघारी फिरला. बरी खोड मोडली.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आता ह्यात रडण्यासारखं काय होतं?

१९ जानेवारी

आज अक्षर वाईट येणार, पण सगळं लिहून काढायचंय.

गिरदावर आला. गळ्यात मफलर आणि डोक्यावर छत्री, दोन्ही एकदम. सोबत शेषेराव, पाच पंच, त्यात संगप्पाही. मागं गाव.

शेषेराव म्हणाला, "साहेब, बाकीचं गायरान बगा, काडी न्हाई. हितलीच झाडं जगली कशी? पंचायतीनं जगवली. ही माणसं यंदा मधी घुसून पेरून बसली."

माझ्या तोंडाला कुलूप नाही. "पंचायतीनं? साहेब, ही झाडं मरावीत म्हणून मी बुडात वाल लावला! गळा आवळायला!"

मारोतीनं डोळे मिटले.

"मारायला?" साहेब म्हणाला. "मग पाणी कुणी घातलं?"

"मीच."

"बाई, मारायला पाणी घालतात का?"

"वालाला घातलं! झाड मधी आलं, त्येला मी काय करू?"

सगळे हसले. साहेबही हसला, छत्री मिटली आणि रानात एक फेरी मारून आला. म्हणाला, "मेहनत ह्यांची, हे दिसतंय. पण हे यंदाचं झालं. मला जुनं पाहिजे. कागद न्हाई म्हणता, तर माणूस द्या. येळवसला ह्या रानात कोण जेवलंय?"

इथली रीतच आहे ती. येळवसला रानवाला बांधावरून जाणाऱ्याला हाक मारतो, ओळखीचा असो नसो, जेवल्याशिवाय सोडत नाही. ज्याच्या रानात माणसं जेवली त्याचं ते रान. कुणीही मान्य करतं.

शेषेराव हसला. "ह्यांच्यात येळवस कुठली साहेब? परवाच झाली, समद्या शिवारात धूर हुता. हितं चूल पेटली न्हाई. इचारा पंचांना."

पंच म्हणाले, खरं आहे.

चूल मी बंद केली होती. मी. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं असतं तरी बरं झालं असतं, शिवी दिली असती तर आणखी बरं. त्यांनी बघितलं नाही.

"मावशी, कधी केली का येळवस?" साहेबानं विचारलं.

"केली. पूजा न्हाई, जेवण. बहात्तरपासून दर साली. यंदाच न्हाई."

"कोण जेवलं? एक नाव सांगा."

आत्याबाई लिंबाकडं बघत राहिल्या. "नाव न्हाई सांगता यायचं."

मला वाटलं धरून हलवावं हिला. जमीन चालली! "आत्याबाई, सांगा की!"

"त्येचं त्येनं सांगावं."

साहेबानं पेनाला टोपण लावलं.

तेव्हा पंचांतून संगप्पा पुढं आला. बांधावर वहाणा काढल्या, आमच्या रानात आला, लिंबाखाली आत्याबाईंच्या समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "नागे, यंदा आंबील का केली न्हाईस? मी येऊन उपाशी परत गेलो."

मागून त्याचा पोरगा श्रीमंत ओरडला, "आप्पा! उठा आदुगर!"

म्हातारा उठला नाही. साहेबाकडं बघून म्हणाला, "बहात्तरला माज्या घरात दाणा न्हवता. हिनं बांधावरून हाक मारली. पयल्यांदा भुकेनं आलो. मंग दर साली आलो, गाव आपापल्या रानात जेवाया बसलं की. ल्हिवा साहेब. संगप्पा जेवला म्हणून ल्हिवा."

साहेबानं लिहिलं. म्हणाला, वहिती जुनी, जमीन नागुबाईच्या नावानं करायची शिफारस पाठवतो. झाडं मात्र सरकारी, तोडायची नाहीत. घ्या! जमीन आमची, झाडं त्यांची, मग सावली कुणाची? विचारणार होते. मारोतीनं हात दाबला. पहिल्यांदाच मी गप्प बसले.

२० जानेवारी

गावात एकच चर्चा, संगप्पा किती मोठ्या मनाचा. मोठेपण कसलं? जेवलेल्या माणसानं जेवलो म्हणलं. दहा वर्षं चोरून खाल्लं, बाहेर आलं की धोतर आवरलं, आम्हाला पोहरा धरू दिला नाही. एका दिवसात सगळं फिटलं होय? माझ्याकडून नाही फिटणार.

मोठी असेल तर ती बाई, जी हातची जमीन जाताना बघत बसली पण नाव घेतलं नाही. तिला मी कणा नाही म्हणाले. लाज वाटते, लिहायलाही लाज वाटते.

सकाळी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. "आता ही कुठली पूजा काढलीस?" म्हणाल्या आणि तेच ते बोळकं हसू हसल्या. मी रडले. त्या भाकरी थापत राहिल्या.

३० जानेवारी

संगप्पाला घरात वेगळं ताट लावलंय. ओसरीच्या कोपऱ्यात. सुना वरून वाढतात, भांड्याला भांडं लागू देत नाहीत. कमलम्मानं डोळ्यांनी बघितलं. श्रीमंत बापाशी बोलत नाही. मला हसू आलं. म्हणलं, कळू दे आता कसं वाटतं ते. हसू फार वेळ टिकलं नाही.

आज आत्याबाईंनी आंबील केली. अमावास्या नाही, पंचमी नाही, काही नाही. वालाच्या कोवळ्या शेंगांची भज्जी, मक्याची भाकर. मी आडवी आले नाही. शेंगा मीच तोडल्या, सुबाभळीवरून.

दुपारी रस्त्यानं माणसं येत-जात असताना त्यांनी बांधावरून हाक मारली, लई मोठ्यांदा, "आप्पा, जेवाया या!" तो भर रस्त्यातून आला आणि लिंबाखाली बसला. श्रीमंतची गाडी तिथूनच गेली. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही, खात राहिला. दोन घास खाऊन मला म्हणाला, "पोरी, मीठ कमी हाय."

"दहा वर्सं गप खाल्लाव आप्पा, आज मीठ दिसलं?"

"आज बोलता येतंय," तो म्हणाला.

मी मीठ आणलं. त्यानं सवयीनं ताट पुढं सरकवलं, वरून टाकावं म्हणून. मी उभीच राहिले. शेवटी त्यानं तळहात पुढं केला. मीठ हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात. मी त्याच्या हातात हात टेकवून दिलं. होऊ दे भांडण.